मऊ लेंडी म्हणजे जुलाबच नव्हे
सशाच्या पिंजऱ्यात मऊ, चिकट लेंड्या दिसल्या म्हणजे जुलाबच झाले असे समजून हिरवा पाला लगेच बंद करावा, हे काही जणांचे मत मला घाईचे वाटते. सशाची एक लेंडी कोरडी, गोल आणि बोटांनी चुरली तर आत गवताची तुसे दिसणारी असते. दुसरी अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात) आंबून तयार झालेली, द्राक्षांच्या घोसासारखी, चकचकीत व उग्र वासाची असते. ही दुसरी लेंडी ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो आणि तिच्यातून ब जीवनसत्त्वे व प्रथिने मिळवतो. ती पडून राहू लागली, तर बहुधा दाणेदार खाद्य जास्त होत असते, किंवा वाढलेल्या वजनामुळे अथवा पाठीच्या दुखण्यामुळे त्याला तिथवर वाकता येत नसते.

माझ्या सशाचा पाला मी बंद केला नाही. दाणेदार खाद्य हळूहळू निम्म्यावर आणले आणि वाळलेले गवत सतत समोर ठेवले, तेव्हा 3 आठवड्यांत शेपटीखाली केसांत अडकणारा लगदा थांबला. खरे जुलाब मात्र पाण्यासारखे पातळ असतात. तसे झाले, किंवा 10-12 तास खाणे वा लेंडी बंद राहिली, तर कृपया सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.