पाळण्याची मोटर आणि रात्रीची लाईट: बाळंतिणीच्या झोपेचे अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पाळण्याला लावायची मोटर पहिल्यांदा आली ती माझ्याच घरी. यांनी ऑनलाइन मागवली, कुरिअरवाल्यानं फाट्यावर आणून दिली. छताच्या कडीला मोटर, तिला स्प्रिंग, स्प्रिंगला पाळणा. शेजारच्या बाया पाहायला आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "आता सुनेच्या हाताले आराम." मलाही तसंच वाटलं.

हाताला आराम खरंच मिळाला, झोप मात्र नाही. घर्र… टक्, घर्र… टक्. लेकरू चाळीस मिनिटं निजायचं आणि मी त्या प्रत्येक 'टक्'ची वाट पाहत जागी. आवाज बदलला तर? स्प्रिंग निसटली तर? लाईट गेली की पाळणा थांबायचा आणि पाच मिनिटांत लेकरू उठायचं. आमच्याकडे लाईट जाते म्हणजे किती जाते, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

सहाव्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. मी अंधारात पाळण्याची दोरी ओढत उभी होते आणि मनात आलं, ही दोरी सोडावी आणि चालत फाट्यापर्यंत जावं. पुढं काय, ते मनात नव्हतं. पण पायात चपला घातल्या होत्या. कडी काढल्याचा आवाज झाला तशा आत्याबाई उठल्या. काही विचारलं नाही, लेकराला घेतलं आणि म्हणाल्या, "जा, नीज." दुसऱ्या दिवशी दहा वाजता जाग आली. चपलांचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लेकरू आता चौदा महिन्यांचं आहे.

म्हणून हा धागा. मोटर, कॅमेरा, आवाजाचं अॅप, मोजे, साडीची झोळी, जे वापरलं ते लिहा. आणि त्या दिवसांत तुमच्या मनाचं काय झालं तेही लिहा. गावाचं नाव टाकायची गरज नाही. आज्यांनी, आशाताईंनी, बाप लोकांनीही लिहावं.

*

अकोट तालुका

माझं बाळंतपण मे महिन्यातलं. पंचेचाळीस अंशात बाजेखाली शेगडी नको म्हणून मी आईशी भांडले आणि कूलर लावून घेतला. त्याच्या घरघरीत बाळ छान निजायचं, कूलर बंद पडला की उठायचं. मग नणंदेनं फोनवर तशाच आवाजाचं अॅप टाकून दिलं आणि मी तो फोन पूर्ण आवाजात थेट बाळाच्या उशाशी ठेवत होते. नंतर वाचलं, २०१४ साली 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात बाळांच्या झोपेसाठीची चौदा यंत्रं तपासल्याचा अभ्यास आला होता. पूर्ण आवाजात, तीस सेंटिमीटरवरून, सगळीच्या सगळी पन्नास डेसिबलच्या वर गेली. दवाखान्याच्या नवजात कक्षाला घालून दिलेली मर्यादा तेवढी आहे. तीन यंत्रं तर पंच्याऐंशीच्याही वर. आता फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोनाड्यात असतो, आवाज अगदी बारीक.

*

माहेर हिंगणघाटजवळ, बाळंतपण न्यू जर्सीत

व्हिसा झाला नाही म्हणून आई येऊ शकली नाही. दोघांच्या घरात तिसरं माणूस नाही. आम्ही 'स्नू' पाळणा भाड्यानं आणला. डॉ. हार्वी कार्प यांनी तो २०१६ मध्ये बाजारात आणला. बाळाला उताणं ठेवून कापडी पिशवीत दोन्ही बाजूंनी अडकवतात, ते रडलं की पाळणा आपणहून हलतो, आवाज करतो, आणि थोड्या वेळात बाळ शांत झालं नाही तर थांबतो, म्हणजे आता तुम्ही या. मी उगाच नावं ठेवणार नाही. त्या पाळण्यामुळे मला सलग तीन तास मिळाले आणि तीन तासांची किंमत बाळंतिणीलाच कळते.

घात केला तो मोज्यानं. बाळाच्या पायात घालायचा, नाडी आणि ऑक्सिजन फोनवर दिसतं. एका रात्री गजर वाजला, मी बाळाला इतक्या जोरात उचललं की ते दचकून निळं होईस्तोवर रडलं. मोजा सैल झाला होता, बाकी काही नव्हतं. त्यानंतर मी आकड्यांकडे पाहत बसू लागले. ९७, ९६, ९७. बाळ निजलेलं, मोजा नीट, आणि मी पहाटेपर्यंत फोन धरून. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे की अचानक होणारा बाळमृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर भिस्त ठेवू नका. उताणं निजवा, सपाट आणि घट्ट गादी, आजूबाजूला उशी-गोधडी नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी तिथं दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपाळ्यांवर कायद्यानं बंदी आली, कारण मान पुढं पडून श्वास कोंडतो.

चौथ्या महिन्यात माहेरी आले. आईनं पहिल्या रात्री मोजा काढून फडताळात ठेवला. मी दोन रात्री उठून तो शोधला, हेही सांगते.

*

वाशिम जिल्हा, बाप

आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. लेकरू झालं तेव्हा गव्हाला पाणी सुरू होतं. रात्री दहाला शेतात जायचं, बारे फोडत पहाटपर्यंत. घरी ही एकटीच, माझी माय नाही. काळजी नको म्हणून मी पलंगावर लेकराकडे तोंड करून कॅमेरा लावला. काही हललं की फोन वाजे.

बारा वाजता पाहिलं. लेकरू निजलेलं, ही पलंगाच्या काठावर बसलेली. दीड वाजता पाहिलं, तशीच बसलेली. हात मांडीवर, नजर भिंतीकडे. तीन वाजता तेच. लेकरू तर केव्हाचं गाढ होतं. कॅमेरा घेतला लेकरासाठी, दिसली ती.

मी फोन केला नाही, उगाच घाबरेल म्हणून. पंप चालू ठेवून घरी आलो, वाफा फुटला तर फुटू दे म्हटलं. दारात उभा राहिलो तर ती म्हणते, "आज लवकर कसे?" तिला वाटलं सकाळ झाली.

पुढच्या रात्रीच्या पाळीला चुलतभावाला रोजानं लावलं. नऊला ती पाजून देई, मग एक वाजेपर्यंत लेकरू माझ्याकडे. दुधासाठी रडलं तरच तिच्यापाशी न्यायचो, बाकी लंगोट, ढेकर, खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या माझ्याकडे. गावातले हसले. दोन आठवड्यांनी ती स्वतःहून म्हणाली, आज भाजीत मीठ जास्त झालं. त्याच्या आधी कितीतरी दिवस तिला चवच नव्हती.

*

आजी, वय पंच्याहत्तरच्या वर

माही नात लिहून रायली, मी सांगतो. आमच्या येळी कोठचा पायना न कोठची मोटर. लुगड्याची झोई करून बाभयीच्या फांदीले बांधली का निंदाले लागायचं. लेकरू लडे त मालक कावे. मंग बायगोयी देत. तिच्यात अफू राहे. मुगाच्या डायीएवढी दुधात उगायली का लेकरू दिवसभर गुंगीत.

माह्या धाकट्या जावेचं लेकरू असंच झोपलं, मंग उठलंच नाही. लोक म्हने नजर लागली. आता नात सांगते का अफूनं दम बंद होते. जाऊ मंग कोनाशी बोले नाही, विहिरीपाशी बसून राहे. झपाटली म्हनून धुरी देल्ली, अंगारा लावला. तिले लेकराचं दुख होतं, हे कोनाच्या ध्यानातच नाही आलं. मायाबी नाही आलं.

*

वर्धा जिल्हा

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि मी त्याला पाजताना खिडकीकडे तोंड करून बसायचे, कारण त्याच्या तोंडाकडे पाहिलं की वाटायचं, याला दुसरी आई मिळायला हवी होती. घरात पाळणा हलवायचं यंत्र होतं, कॅमेरा होता, भावानं पुण्याहून पाठवलेला रंग बदलणारा रात्रदिवा होता. सगळे म्हणायचे, तुला काय कमी आहे.

बाळाच्या लसीच्या दिवशी नर्सबाईंसमोर रडू फुटलं. त्यांनी मोठ्या दवाखान्याच्या मानसोपचार विभागात पाठवलं. तिथं दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. एडिंबराची प्रश्नावली म्हणतात तिला, १९८७ ची आहे, एकूण गुण तीस. प्रश्न गेल्या सात दिवसांचे असतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटली का, हा. नवरा बाजूलाच बसला होता. डॉक्टरांनी त्याला पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि मग मी खरं उत्तर लिहिलं.

दूध पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. महिनाभरानं थोडं उजाडल्यासारखं वाटलं. आपल्या देशातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये छापून आला, त्यात बाळंतपणानंतरचं नैराश्य सुमारे २२ टक्के बायांना आढळलं होतं. म्हणजे पाच जणींत एक. आमच्या गल्लीतल्याच चारचौघी मोजून पाहिल्या मी. ज्यांना आत्ता लगेच बोलायचं असेल त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बाळंतीण असंबद्ध बोलायला लागली, झोपेची गरजच नाही म्हणू लागली, बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली तर नंबर शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

*

आशा, चामोर्शी तालुका

आम्ही आशा घरी जाऊन नवजात बाळ पाहतो, ही पद्धत आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि २०११ पासून देशभर आली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. वजन, ताप, नाळ, दूध ओढते का. आईचंही विचारतो, ताप, अंगावरचं जाणं, असंबद्ध बोलणं, झटके. पण रात्री झोपली का, मन कसं आहे, याचा रकाना माझ्या हातातल्या कागदावर नाही. इतकी वर्षं मीही विचारलं नव्हतं.

वरचे सगळे अनुभव वाचले आणि परवा एका घरी एकविसाव्या दिवसाची भेट होती. तिथंही पाळण्याला मोटर. सासूबाईंना म्हटलं, काकू, चहा मांडा नं. त्या आत गेल्या तसं पोरीला विचारलं, झोप होते का गं? ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, ते बंद करा नं. त्या आवाजानं मले रडू येते."

मी बटण बंद केलं. लेकरू उठलं, त्याला मांडीवर घेतलं. तिला म्हटलं, तू पड जरा. चहा आला, निवला. ती दीड तास झोपली आणि मी वजनाचा काटा पिशवीतच ठेवून तिथं बसून राहिले.