मदत हवी आहे: पहिला कस्टम वॉटर लूप, खोलीत एसी नाही (इंदूर)

राजवाडा_रिग
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर तयार आहे: सीपीयू रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०८० सुपर, ८५० वॉटचा एसएमपीएस, केस लियान ली ओ११ डायनॅमिक एव्हो. आता सीपीयू आणि कार्ड दोन्ही पाण्यावर घ्यायचे आहेत, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून गार करणारा लूप. घर सुदामा नगरात, खोली गच्चीखालची, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर चालतो.

काढलेली यादी: ३६० चा (१२० मिमीचे तीन फॅन बसणारा) एकच ३० मिमी जाडीचा रेडिएटर (ॲल्युमिनियमचा, स्वस्त पडतोय), डीडीसी प्रकारचा पंप, १४ मिमी पीईटीजी प्लॅस्टिकची कडक नळी, पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं पाणी. फिटिंग किती घ्यायची ते कळत नाहीये. जाणकारांनी यादी बघून सांगावं.

गार_पाणी
ॲल्युमिनियम आजच काढून टाका. ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे ठोकळे) तांब्याचे असतात, वर निकेलचा मुलामा. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. त्यावर औषध नाही, सगळं खोलून घासावं लागतं. तांबं किंवा पितळेचाच रेडिएटर घ्या.

आता मुख्य गोष्ट. लूपमुळे पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, कधीच नाही. गेम खेळताना कार्ड ३२० वॉटपर्यंत आणि सीपीयू साधारण ८०, म्हणजे ४०० वॉट धरा. फॅन मध्यम वेगात असताना १२० मिमीचा एक भाग अंदाजे १०० वॉट बाहेर टाकतो, तेव्हा पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर असतं. तुमच्याकडे तीनच भाग, म्हणजे फरक १३-१४ अंशांचा. मे महिन्यात दुपारी खोली ४० वर गेली की पाणी ५४. पंप आणि पीईटीजी दोन्हींची मर्यादा साधारण ६० अंश. पीईटीजी त्याच्या आसपास मऊ पडायला लागते आणि फिटिंगमधून सरकते. मार्जिन उरतंच कुठे?

म्हणून ३६० चे दोन रेडिएटर. एक बाजूला, एक तळाला, दोन्हींचे फॅन बाहेरची हवा आत ओढणारे, आणि वर नुसते फॅन हवा बाहेर टाकायला. वर रेडिएटर लावलात तर त्याला पहिल्या रेडिएटरने तापवलेली हवा मिळते. घेण्याआधी तळाशी रेडिएटर ३० + फॅन २५ = ५५ मिमी जागा आहे का ते पट्टीने मोजा. ग्राफिक्स कार्ड ब्लॉक लावल्यावर बारीक होतं, त्यामुळे बहुधा बसेल.

पंप डी५ प्रकारचा घ्या. डीडीसी दाब जास्त देतो, पण त्याचं सर्किट फार तापतं आणि हीटसिंक मागतं. डी५ चं अंग पाण्यानेच गार होतं.

नळी_१३
नळीबद्दल: पहिल्या लूपला मऊ नळी, १०/१६ मिमीची (आतून १०, बाहेरून १६), काळी ईपीडीएम रबराची. पारदर्शक मऊ पीव्हीसीतून प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटतो, नळी दुधाळ होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. ईपीडीएमला तो त्रास नाही. रंगीत पाणी दिसणार नाही, एवढंच. कडक नळीला वाकवायला हीटगन, आतला सिलिकॉन रॉड, आरी आणि बऱ्याच वाया गेलेल्या नळ्या लागतात. तो छंद वेगळा.

फिटिंगची बेरीज: सीपीयू २, कार्ड २, रेडिएटर ४, पंप-रिझर्व्हॉयर (पंपाला जोडलेली पाण्याची टाकी) २, म्हणजे कॉम्प्रेशन फिटिंग (नळी रिंगने आवळणारे जोड) १०. दोन जास्तीची धरून १२ घ्या. ९० अंशांचे फिरते कोपरे ४. पाणी काढायला एक टी, एक बॉल व्हॉल्व्ह, एक मेल-टू-मेल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला) जोड आणि प्लग. नळी ३ मीटर. फिटिंगवर १०/१६ लिहिलंय ना ते बघा. १०/१३ ची रिंग १६ च्या नळीवर चढत नाही आणि १३ ची नळी १६ च्या फिटिंगमधून दाब आला की निसटते.

राजवाडा_रिग
आभार! दोन शंका. बॉल व्हॉल्व्ह आणि जोड सियागंजमधून पितळेचे घेतले तर? पाव इंचीच तर आहेत. आणि रेडिएटर १ मधून पाणी थेट कार्डात गेलं, सीपीयू शेवटी आला, तर सीपीयूला गरम पाणी मिळेल का?

गार_पाणी
भिया, तिथेच गोम आहे. लूपचे आटे जी १/४ म्हणजे सरळ बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप), आणि पाणी अडवते ती ओ-रिंग. प्लंबिंगच्या सामानात बऱ्याचदा निमुळते आटे असतात, टेफ्लॉन टेप लावून आवळायचे. ते रिझर्व्हॉयरच्या ॲक्रिलिकमध्ये आवळलेत की पाचरीसारखे शिरून तडा देतात. तडा त्याच दिवशी दिसेलच असं नाही. वॉटरकूलिंगचंच फिटिंग घ्या, हाताने बसेल तेवढंच आवळा, पाना नको. ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलही नको, जाळीदार तडे जातात.

क्रमाचा फरक नगण्य. मिनिटाला ४ लिटर प्रवाहात ४०० वॉट पाण्याला पूर्ण फेरीत जेमतेम दीड अंश तापवतात. नळी जिथून आखूड पडेल तसा क्रम ठेवा. रिझर्व्हॉयर मात्र पंपाच्या वर हवा.

माळवा_ब्लॉक
कार्डाच्या ब्लॉकबद्दल कुणी बोललं नाही. ४०८० सुपर हे नाव सगळ्या कंपन्यांच्या कार्डांना एकच. ब्लॉक बसतो पीसीबीवर, म्हणजे कार्डाच्या सर्किट बोर्डावर, आणि प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक मॉडेलच्या पीसीबीवर भाग वेगळ्या जागी असतात. आधी तुमच्या नेमक्या मॉडेलला ब्लॉक आहे का ते निर्मात्याच्या यादीत बघा, मगच बाकी खरेदी. नसेल तर सीपीयूपुरता लूप करण्यात राम नाही, कारण उष्णतेचा मोठा वाटा कार्डाचाच आहे.

थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉकमधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी ब्लॉकच्या पत्रकात दिलेली असेल तीच. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर ब्लॉक चिपवर टेकत नाही, आणि कार्डाचं सरासरी तापमान बरं दिसत असताना हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत गरम बिंदू) वीस-पंचवीस अंश वर पळतो. कार्डाचा जुना कूलर आणि स्क्रू पिशवीत नाव लिहून ठेवा. वॉरंटीचं विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.

नळी_१३
पाणी: बॅटरीच्या पाण्याच्या बाटलीत बऱ्याचदा डीमिनरलाइज्ड पाणी असतं, डिस्टिल्ड नाही. रेडिएटर धुवायला चालेल. लूपमध्ये तयार कूलंट भरा, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही असतात. लूपमध्ये साधारण एक लिटर मावेल, दोन घ्या. नर्मदेचं नळाचं पाणी शेवटच्या धुण्यालाही नको, क्षार राहतात. नव्या रेडिएटरमध्ये डाख देतानाचा फ्लक्स (डाखाचं रसायन) उरलेला असतो. कोमट पाणी भरून, भोकं बंद करून, जोरात हलवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

राजवाडा_रिग
आणि डेझर्ट कूलरची दमट हवा? पाणी साचेल का ब्लॉकवर?

गार_पाणी
नाही. लूपचं पाणी नेहमी खोलीपेक्षा गरम, त्यामुळे दव पडत नाही. कूलरने खोली ३२ वर आली तर फायदाच आहे. फक्त झोत थेट केसवर नको, तुषारांतले क्षार रेडिएटरच्या पात्यांवर बसतात. तळाचा फिल्टर मात्र धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला झटका. पाण्यात १० के (१० किलो-ओहमचा) तापमान सेन्सर घाला आणि फॅन त्याच्यावर चालवा, सीपीयूच्या तापमानावर नाही, नाहीतर प्रत्येक क्लिकला फॅन ओरडतात. पाणी ३५ अंशांना असताना फॅनचा वेग ४० टक्के, ५० ला पूर्ण. भर दुपारी खेळायचं असेल तर कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के करा, ६४ वॉट वाचतात आणि फ्रेम्स थोड्याच घटतात.

भरण्याआधी गेज असलेल्या हातपंपाने ०.५ बार हवा भरा आणि १५ मिनिटं काटा बघा. हलला तर एकेक जोड तपासा. मग सीपीयू आणि कार्डाच्या पॉवर केबल काढून, मदरबोर्डमधून काढलेल्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार काळीला जोडून (सगळ्या तारा काळ्या असतील तर १६ आणि १७ नंबरची पिन) फक्त पंप चालवा. रिझर्व्हॉयर रिकामा होत आला की लगेच बंद, पुन्हा भरा, पुन्हा चालू. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच वंगण घेतं, कोरडा फिरला की जातो. बुडबुडे अडकले तर केस चारही बाजूंना कलती करा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून २४ तास तसाच चालू द्या आणि मगच बोर्डाला वीज.