न्यूरेंबर्गचा मानसशास्त्रज्ञ: निदान की टेहळणी?

(तिघांची चर्चा; टोपणनावं: बाराखडी, कार्ड तीन, उलटतपासणी)

बाराखडी

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या तुरुंगात नेमलेला मानसशास्त्रज्ञ गुस्ताव्ह गिल्बर्टच्या नोंदी म्हणजे नाझी मनाचा एक्स-रे, असं अजूनही सर्रास सांगतात. मला पटत नाही. माझा आक्षेप त्याच्या विद्वत्तेवर नाही, त्याच्या नोकरीवर आहे.

गिल्बर्ट अमेरिकी लष्कराचा अधिकारी. जर्मन उत्तम, त्यामुळे कोठडीत रोजचं येणंजाणं. कैद्यासमोर कागद काढायचा नाही, गप्पा मारायच्या आणि नंतर खोलीवर बसून सगळं लिहून काढायचं. त्यातलं कामाचं ते तुरुंगप्रमुख कर्नल अँड्रसकडे जायचं. आरोपींतला सर्वांत वरचा नेता गोअरिंग जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना दमात ठेवतो हे दिसल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये आरोपींना जेवायला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कोण कुणाबरोबर बसणार, हे ठरवण्यात गिल्बर्टच पुढे होता. गोअरिंग एकटा, आणि शिराख मात्र स्पेअर-फ्रिट्शे या सहआरोपींबरोबर, म्हणजे तो गोअरिंगच्या कह्यातून सुटेल.

ज्यांचं निरीक्षण करायचं त्यांची पंगत स्वतःच मांडायची आणि मग 'गटात फूट पडली' अशी नोंद करायची! एकेकाळी हिटलरचा उपनेता असलेल्या हेसचंही तेच. आपल्याला काही आठवत नाही, असं तो म्हणायचा. तो खटल्यासाठी सक्षम आहे का, यावर ३० नोव्हेंबर १९४५ ला सुनावणी होती. तुला अक्षम ठरवून बाहेर काढतील, असं गिल्बर्टने त्याला आधी सांगून ठेवलं. हेसने उभं राहून जाहीर केलं की विस्मरणाचं सोंग होतं. पुढे त्याची स्मृती पुन्हा गेलीच. मग सोंग नेमकं कोणतं?

कार्ड तीन

दुखणं पोटात आणि तुम्ही पाय तपासताय. गळती चाचण्यांतच आहे.

रोर्शाक म्हणजे शाईच्या डागांत काय दिसतं यावरून मन वाचायची चाचणी. तिची दहा कार्डं: पाच काळी-करडी, दोनांत लाल रंगाची भर, तीन बहुरंगी. पहिल्या फेरीत फक्त 'काय दिसतं' विचारायचं. दुसऱ्या फेरीत पृच्छा: कुठे दिसलं, आकारामुळे की रंगामुळे. गुणांकन बरंचसं या पृच्छेवर उभं असतं, म्हणून उत्तर शब्दन् शब्द उतरवावं लागतं. तुरुंगातला मनोविकारतज्ज्ञ डग्लस केली या चाचणीत मुरलेला होता, पण कैद्यांशी बोलायला त्याला दुभाष्या लागायचा. दुभाष्या वाक्य नीटनेटकं करून देतो आणि जिथे माणूस अडखळला तेवढंच गाळलं जातं. काही जणांची चाचणी डग्लस केली आणि गिल्बर्ट या दोघांनीही घेतली. दुसऱ्या खेपेला कार्डं ओळखीची झालेली असतात, हे वेगळं सांगायला नको.

अर्थ लावण्यात तर आणखी मजा. तिसऱ्या कार्डावरचा लाल डाग गोअरिंगने बोटाने झटकल्यासारखं केलं. गिल्बर्टच्या लेखी तो रक्त पुसत होता. समोर एखादा शाळामास्तर असता तर हाच अर्थ सुचला असता? १९७५ मध्ये मिआल आणि सेल्झर या अभ्यासकांनी या चाचण्यांच्या नोंदी कुणाच्या आहेत हे माहीत असताना त्या वाचल्या आणि त्यांना जवळपास सगळीकडे विकृती दिसली. पुढच्याच वर्षी मॉली हॅरोवरने अशा काही नोंदी पाद्री आणि मनोविकाराचे बाह्यरुग्ण यांच्या नोंदींत मिसळल्या, नावं झाकली आणि तज्ज्ञांपुढे ठेवल्या. त्यांना नाझी वेगळे काढता आले नाहीत.

आरोपींच्या बुद्धिगुणांकांची यादी लोक अशीच मिरवतात: शाख्त १४३, गोअरिंग आणि डोनिट्झ १३८, श्ट्रायशर १०६. वेक्सलर-बेलव्ह्यू या बुद्धिमत्ता चाचणीत वयाप्रमाणे सवलत मिळते. शाख्त तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. तेवढीच उत्तरं तिशीतल्या माणसाने दिली असती तर आकडा खाली आला असता.

बाराखडी

हॅरोवरचा निष्कर्ष मान्य. पण 'फरक सापडला नाही' म्हणजे 'फरक नाही' नव्हे. गाळणीची भोकं मोठी असली तर खडेही चहाबरोबर कपात येतात. आणि 'दुष्टपणा म्हणजे सहानुभूतीचा अभाव' हे गिल्बर्टच्या नावावर फिरणारं वाक्य मध्ये आणू नका. ते २००० सालच्या एका टीव्ही मालिकेतल्या संवादाचं आहे.

उलटतपासणी

तुम्ही दोघंही 'माणूस कसा होता' यात अडकलात. न्यायालय ते विचारत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं त्या रोम संविधीचं कलम ३१(१)(अ) पाहा: गुन्ह्याच्या जबाबदारीतून सुटायचं तर मनोविकाराने कृत्याचं स्वरूप कळण्याची किंवा स्वतःला आवरण्याची क्षमता नष्ट झालेली हवी. कमी झाली, एवढं पुरत नाही.

युगांडाचा डॉमिनिक ओंगवेन घ्या. लहानपणी लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेने पळवून नेलेला, पुढे तिथेच कमांडर. ४ फेब्रुवारी २०२१ ला ६१ आरोपांत दोषी. बचाव पक्षाच्या तज्ज्ञांचं निदान न्यायालयाने बाजूला ठेवलं. त्यांच्या कामात उपचार करणारा डॉक्टर आणि न्यायालयीन तज्ज्ञ या भूमिकांची सरमिसळ झाली होती. आरोपीच्या सांगण्याचा त्याच काळातल्या साक्षीदारांच्या जबान्यांशी ताळा घेतला नव्हता, सोंगाची शक्यताही नीट तपासली नव्हती. बालपणाचा विचार शिक्षेच्या वेळी झाला: २५ वर्षं. म्हणजे बाराखडींचा भूमिकेचा मुद्दा बरोबर, पण त्यावर उपाय आहे. उपचार एकाने करायचे, अहवाल दुसऱ्याने द्यायचा आणि तो गोपनीय राहणार नाही हे आरोपीला पहिल्याच बैठकीत सांगायचं.

कार्ड तीन

त्याच खटल्यात फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञांनी ओंगवेनला स्वतः तपासलंच नव्हतं, ते का गाळलंत? कागदांवरून दिलेलं मत ग्राह्य आणि समोर बसून केलेलं निदान अग्राह्य, हा पायंडा मला धोक्याचा वाटतो.

बरं, समोर बसूनही खात्री नसते. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीतल्या एस-२१ तुरुंगाचा प्रमुख दुख (हे त्याचं नाव) याला एक मानसशास्त्रज्ञ आणि एक मनोविकारतज्ज्ञ यांनी तपासलं आणि ऑगस्ट २००९ मध्ये साक्ष दिली. खटलाभर पश्चात्ताप बोलून दाखवणाऱ्या दुखने नोव्हेंबरात शेवटच्या निवेदनात सुटकाच मागितली.

गिल्बर्टचं टिकाऊ काम ऑशविट्झ छळछावणीचा प्रमुख ह्योस याच्यावरचं आहे (वरचा हेस वेगळा). मारायला वेळ लागत नव्हता, जाळायला लागायचा, हे तो कारखान्यातली अडचण सांगावी तसं सांगतो. ते ओळखायला शाईच्या डागाची गरज नाही.

बाराखडी

ह्योस न्यूरेंबर्गच्या त्या खटल्यात आरोपी नव्हता. एप्रिल १९४६ मध्ये आरोपी काल्टनब्रुनरच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून आणलेला. त्याला जेवायला कुठे बसवायचं, हे गिल्बर्टने ठरवलं नव्हतं.