सांगली: हीट पंपात गॅस कमी की पाणी?

प्रश्न: बोअरच्या पाण्यावरचा आर-४१०ए (शीतक गॅस) हीट पंप (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र) हीटिंगला लो-प्रेशरवर ट्रिप होतोय, म्हणजे गॅसचा दाब घसरून आपोआप बंद पडतोय. गॅस भरू का?

उत्तर १: थांबा दादा. आधी पाण्याचं आत-बाहेर तापमान मोजा. फरक ६-७ अंशांवर गेला असेल तर प्रवाह कमी, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडून साफ करा. फरक कमी आणि सक्शनही (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) कमी असेल तर पाण्याच्या कॉइलमध्ये क्षार बसलेले असू शकतात.

उत्तर २: सुपरहीट (उकळून वायू झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला) जास्त अन् सबकूलिंग (द्रव झाल्यावर आणखी किती अंश थंड झाला) कमी, दोन्ही एकदम दिसलं तरच गॅस कमी. तेव्हाही नुसता टॉप-अप नको. गॅस रिकव्हर करा (हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्या), गळती शोधा, पाइपात नायट्रोजन सोडत ब्रेझिंग करा (सांधा धातू वितळवून जोडा), ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) बदला, ५०० मायक्रॉनखाली (निर्वाताचा दाब मोजायचं एकक) व्हॅक्यूम घ्या. मग नेमप्लेटवरचं वजन काट्यावर, द्रवरूपातच भरा.

उत्तर ३: कॉम्प्रेसर जळाला असेल तर तेलाची आम्ल चाचणी आधी, आम्ल राहिलं तर नवा कॉम्प्रेसरही जळू शकतो.