मदत हवी आहे: दगडाचा रंग सुटतोय, परवापर्यंत परत करायचा आहे

निळीशाई
नमस्कार. घाईत लिहितेय. ऑनलाइन मागवलेल्या दगडाचा रंग सुटतोय. विकणारा म्हणतो माल अस्सल आहे, परत घेणार नाही. परत करायची मुदत परवा संध्याकाळी संपते. दगड नकली आहे हे घरच्या घरी सिद्ध कसं करायचं? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा. "सर्च करा" म्हणू नका, करून झालंय.

मु_पो_सिन्नर
कोणता दगड? केवढा? रंग हाताला लागतोय की पाण्यात उतरतोय? फोटो टाका.

उगाच_आपलं
दगडाने आपले रंग दाखवले म्हणायचे.

निळीशाई
फोटो चढत नाहीये, साइझ मोठी येते. जिओड आहे, म्हणजे आतून पोकळ दगड, निळा. आत चमचमतं ते. नकली की नाही एवढंच सांगा.

शंकरपाळी
ताई, अगदी सोपं आहे. गालाला लावून बघा. खरा स्फटिक थंडगार लागतो आणि लवकर तापत नाही. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची स्फटिकाची माळ आहे, मे महिन्यातही गार. दुसरं म्हणजे दोन मणी अंधारात एकमेकांवर घासले की ठिणगीसारखा उजेड दिसतो. काचेत बुडबुडे असतात, स्फटिकात नसतात. श्रीयंत्र घेताना मात्र जपून, बाजारात बहुतेक काचेचीच येतात.

निळीशाई
माळ नाहीये हो. जिओड आहे.

मु_पो_सिन्नर
निळा म्हणजे कसला? फिकट राखाडी निळा की शाईसारखा? अख्खा गोळा की कापून पॉलिश केलेला? कडेला पट्टे आहेत का? विकणाऱ्याने नाव काय दिलं होतं?

निळीशाई
अर्धा कापलेला. कड गुळगुळीत, पट्टे आहेत. रंग गडद, पेनाच्या शाईसारखा. पानावर लिहिलं होतं "नैसर्गिक निळा अगेट जिओड, ब्राझील". ३८०० रुपये घेतले. माझ्यासाठी नाही, सासूबाईंच्या रेकीच्या वर्गासाठी. ऑर्डर माझ्या अकाउंटवरून, म्हणून मेल मला येतायत आणि बोलणीही मलाच.

मु_पो_सिन्नर
मग निकाल लागला. रंगवलेला आहे. निळा अगेट, म्हणजे अकीक, निसर्गात असतो, पण फिका, राखाडीकडे झुकणारा. शाईचा निळा तिथे नसतो. अगेटचे पट्टे सच्छिद्र असतात, काही कमी काही जास्त, त्यामुळे रंगात बुडवला की एक पट्टा गडद आणि शेजारचा जवळजवळ पांढराच राहतो. आतले चमचमणारे स्फटिक क्वार्ट्झचे. ते रंग पीत नाहीत. भिंगातून बघा, रंग त्यांच्या भेगांमध्ये नाहीतर मागच्या थरात बसलेला दिसेल.

भिंगरी
भिंग कशाला? नेलपॉलिश रिमूव्हर घ्या, अ‍ॅसिटोनवालं. कापसाच्या बोळ्याने मागच्या बाजूला घासा. कापूस निळा झाला तर रंगवलेला, नाही झाला तर खरा. मी नेहमी असंच करते.

जर्मनीतला_जोशी
कापूस निळा झाला तर रंगवलेला, इथपर्यंत बरोबर. नाही झाला तर खरा, हे चूक. मी राहतो तिथून इदार-ओबरश्टाइन जवळ आहे. अगेट रंगवण्याचं काम त्या गावात १९व्या शतकापासून चालतं, कच्चा माल ब्राझीलचाच. काळ्यासाठी दगड आधी साखरेच्या पाण्यात मुरवतात, मग सल्फ्युरिक आम्लात. आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो. निळ्यासाठी पोटॅशियम फेरोसायनाइड आणि लोहाचा क्षार, दोन्ही दगडाच्या आतच भेटतात आणि प्रशियन ब्लू तयार होतो. तो रंग अ‍ॅसिटोनने काय, जन्मात निघत नाही. ज्याचा सुटतो तो स्वस्तातल्या कापडी रंगात बुडवलेला. तुमचा त्यातला दिसतो. पण सुटला कसा? नुसता हात लावून सुटत नाही सहसा.

भिंगरी
मी माझा अनुभव सांगितला. प्रत्येकाच्या घरी फेरोसायनाइड नसतं.

जर्मनीतला_जोशी
घरी असण्याचा प्रश्नच नाही. ते कारखान्यात वापरतात एवढंच म्हणतोय.

निळीशाई
सासूबाईंनी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला होता. शुद्धीकरण म्हणे. सकाळी पाणी निळं. विकणारा तेच धरून बसलाय, "तुम्ही पाण्यात भिजवला, आमची जबाबदारी नाही".

मु_पो_सिन्नर
हे आधी सांगायचं होतं ना!

पौर्णिमा_हीलिंग
मिठाच्या पाण्यात जिओड कधीच ठेवू नये. मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते. पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर ठेवायचा, नाहीतर धुपावर धरायचा. आणि रंगवलेला आहे म्हणून लगेच नकली म्हणू नका. मूळ दगड पृथ्वीच्या पोटातलाच आहे, ऊर्जा तीच.

उगाच_आपलं
मग रंग कशाला लावायचा? ऊर्जा कमी पडत होती?

पौर्णिमा_हीलिंग
ज्यांचा विश्वास नाही त्यांनी चेष्टा करावी, मला फरक पडत नाही. निळा कंठचक्रासाठी वापरतात. मी स्वतः नैसर्गिकच घेते. सिट्रिनचा, म्हणजे पिवळ्या स्फटिकाचा, मोठा नारिंगी गुच्छ आहे माझ्याकडे, धनप्राप्तीसाठी.

मु_पो_सिन्नर
गडद नारिंगी टोकं आणि बुडाशी दुधी पांढरं, असं आहे का? तसं असेल तर तो भाजलेला अ‍ॅमेथिस्ट. जांभळा दगड भट्टीत साधारण साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला की पिवळा-नारिंगी होतो. नैसर्गिक सिट्रिन फिकट, धुरकट पिवळा असतो आणि असा गुच्छात क्वचितच येतो.

पौर्णिमा_हीलिंग
तुम्ही न बघताच सांगताय.

मु_पो_सिन्नर
म्हणून तर विचारलं.

सुरतकर_मराठी
तापवण्यात वाईट काय? गुजरातेत खंभातला अकीक कित्येक शतकं भाजतायत. रतनपूरचा दगड मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेत ठेवतात, आतलं लोह लाल होतं. हडप्पाच्या काळातले लाल मणीसुद्धा तापवलेलेच. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

जर्मनीतला_जोशी
सांगून विकलं तर फसवणूक नाही. इथे दुकानात चिठ्ठीवर "रंगवलेला" असं लिहिलेलं असतं, लोक तरी घेतात.

अजिंठा_एसटी
ऑनलाइन घेताच कशाला? वेरूळ-अजिंठ्याला रस्त्यावर अस्सल मिळतात, फोडून दाखवतात.

मु_पो_सिन्नर
अस्सल मिळतात आणि रंगवलेलेही मिळतात. ओकेनाइट हे खनिज म्हणजे कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे. तेच गुलाबी, निळे, हिरवे दिसले तर रंगाचे डबे समजा. खरे निळे हवे असतील तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट हे खनिज बघा, पण त्यातही सुटे गोळे स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजावर डिंकाने चिकटवून विकणारे आहेत. जांभळ्या (यूव्ही) दिव्याखाली डिंक बऱ्याचदा चमकतो. दख्खनच्या बेसाल्टमधलं वैभव बघायचं तर आमच्या गावचं गारगोटी संग्रहालय बघून जा एकदा.

निळीशाई
कृपया विषयावर या. उद्याचा एकच दिवस आहे. लॅबमध्ये नेऊ का? सर्टिफिकेट मिळालं तर विकणारा गप्प बसेल ना?

ग्राहकराजा
नेऊ नका. लॅब काय लिहील? "नैसर्गिक क्वार्ट्झ, रंगवलेला." दगड खराच आहे, रंग खोटा आहे. तुम्ही त्याला "नकली" म्हणताय आणि तो "अस्सल" म्हणतोय. त्या भांडणात तो जिंकणार, कारण शब्दाने तो बरोबर आहे. तुमचा मुद्दा वेगळा हवा. पानावर "नैसर्गिक निळा" लिहिलंय, निळेपणा नैसर्गिक नाही, म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये स्पष्ट आहे: जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आत्ता, हे वाचता वाचता, त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. उद्या "नैसर्गिक" शब्द उडवतील.

निळीशाई
घेतला. पण भिजवल्याचं काय? तो तेच म्हणणार.

मु_पो_सिन्नर
अगेटला पाण्याने काही होत नाही. नदीच्या पात्रात गोटे असतात त्यांचे रंग वाहून जातात का? पाणी निळं झालं हाच वरून रंग दिल्याचा पुरावा. ते पाणी आहे का अजून?

निळीशाई
सासूबाईंनी तुळशीला घातलं.

उगाच_आपलं
तुळस निळी झाली तर कृष्णतुळस म्हणून विका.

मु_पो_सिन्नर
हरकत नाही. पांढऱ्या वाटीत साधं पाणी घ्या, दगडाची मागची खडबडीत बाजू बुडवा, व्हिडिओ चालू ठेवा. मध्ये कट नको. मग भिंगरींचं अ‍ॅसिटोन, तेही कॅमेऱ्यासमोर. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब करा.

भिंगरी
शेवटी माझंच अ‍ॅसिटोन.

ग्राहकराजा
व्हिडिओ, स्क्रीनशॉट, बिल, तिन्ही जोडून मेल करा आणि वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. चॅटवर बोलू नका. मेलमध्ये "नकली" शब्द वापरू नका, "वर्णनाप्रमाणे नाही" लिहा. ऐकलं नाही तर १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मुदतीच्या आत मेल गेला पाहिजे, उत्तर नंतर आलं तरी चालेल.

पौर्णिमा_हीलिंग
सासूबाईंना माझ्याकडून सांगा, कंठचक्रासाठी अ‍ॅक्वामरीन हे निळसर रत्न घ्या. माझ्याकडे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मु_पो_सिन्नर
तापवलेले की न तापवलेले?

निळीशाई
मेल केला. अ‍ॅसिटोनने कापूस गडद निळा झाला, वाटीतलं पाणीही. वेबसाइटकडून उत्तर आलंय, दगड परत घेतायत, पण कुरिअरचा खर्च मी करायचा म्हणे. वजन दोन किलोच्या वर आहे.

ग्राहकराजा
भरू नका. त्याच मेलला उत्तर द्या, चूक विक्रेत्याची, पिकअप त्यांनी पाठवावा. परत करायच्या आधी पॅकिंगचाही व्हिडिओ काढा.

अजिंठा_एसटी
परत नाही घेतला तर मला द्या. फिश टँकमध्ये ठेवीन.

मु_पो_सिन्नर
रंग सुटतोय यावर एवढा धागा झाला ना? मासे मारायचेत का?

अजिंठा_एसटी
मासे नाहीत सध्या, नुसता टँक आहे.