मदत हवी आहे: अँटीव्हायरसचे अलर्ट बंद कसे करायचे? (तातडीचं)

मांजराकाठ, लातूर
कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखे अँटीव्हायरसचे अलर्ट येऊ लागलेत. 'व्हायरस सापडला', 'संरक्षण संपलं', 'आत्ताच रिन्यू करा'. मुलगी सीईटीच्या ऑनलाईन सराव परीक्षा देते. तीन तासांचा पेपर, वर घड्याळ पळतंय आणि नेमकं उत्तराच्या पर्यायावर ती चौकट येऊन बसते. काढायला गेलं की दुसरंच पान उघडतं. काल पोरगी पेपर अर्धा टाकून उठली. सगळे अलर्ट एकदाचे बंद करायचे आहेत. पटकन सांगा, संध्याकाळी परत पेपर आहे.

दुधना, सेलू
कुठलं अँटीव्हायरस? विंडोज 10 का 11? पेपर क्रोममध्ये उघडता का एज ब्राउझरमध्ये?

बालाघाट, बीड
क्विक हील टाका. आपल्या पुण्याची कंपनी आहे, आम्ही लई वर्षं वापरतोय. पेपरच्या वेळेला सायलेंट मोड लावायचा, काही दिसत नाही.

मांजराकाठ
साधं विंडोज आहे हो. अँटीव्हायरस दुकानदारानं कॉम्प्युटर घेताना टाकून दिलेलं. बंद करायचं बटण कुठंय एवढंच विचारलंय.

हिमरू, छ. संभाजीनगर
विंडोज 10 असेल तर बाकी सगळं सोडा. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला. उबुंटू टाका, फुकट आहे, अँटीव्हायरसची कटकटच नाही.

बालाघाट
संध्याकाळी पेपर आहे त्यांचा आणि तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला लावताय? आणि पोरीला सवय कशाची आहे ते तरी विचारा आधी.

हिमरू
मुळावर बोलतोय मी. ज्या घराचं दारच उघडं आहे तिथं घंटी बंद करून काय होणार?

दुधना
हिमरू, तारीख बरोबर आहे, पण डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच फुकट अँटीव्हायरसला, नव्या व्हायरसची ओळख देणारे अपडेट विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत येणार आहेत. स्वतः विंडोजमधल्या भोकांसाठी वाढीव अपडेटची वेगळी नोंदणी करावी लागते, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालते. त्यांनी ती करावीच, पण आज नाही.
मांजराकाठ, आता माझं एक काम करा. पुढचा अलर्ट आला की त्याच्यावर कुठंच क्लिक करू नका. त्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून इथं टाका.

गोदाकाठ, नांदेड
आणि त्यावर फोन नंबर दिलाय का तेही बघा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. असला तर लावू नका. कुणी लावून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवायचं, जितक्या लवकर तितकं बरं. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणाऱ्या) येतात, त्याही उघडू नका. गावाकडं वडिलांना मुद्दाम सांगून ठेवा.

बालाघाट
काहून मोबाईलचं काढलं आता? त्यांनी कॉम्प्युटरचं विचारलंय.

मांजराकाठ
वाचलं. दोन प्रकारचे आहेत. 'व्हायरस सापडला' वाल्यात खाली बारीक अक्षरात गूगल क्रोम आणि कुठल्यातरी पिक्चर डाऊनलोडच्या साईटचा पत्ता आहे. 'रिन्यू करा' वाल्यात दुकानदाराच्या अँटीव्हायरसचं नाव आहे. फोन नंबर नाही. विंडोज 10 आहे.

दुधना
मग पहिला अलर्ट अँटीव्हायरसचा नाहीच. ती साईट क्रोममधून जाहिरात पाठवतेय. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी असलेल्या साईटची यादी दिसेल. ओळखीचं नाही ते सगळं ब्लॉक करा. नुसतं रिमूव्ह करू नका, नाहीतर साईट परत परवानगी मागते आणि घाईत कुणीतरी अलाऊ दाबतं. त्याच पानावर कोणत्याच साईटनं विचारू नये असा पर्याय आहे, तो निवडा.
दुसरा अलर्ट मुदत संपलेल्या अँटीव्हायरसचा. पैसे भरायचे नसतील तर ते अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप चालू होतो. तरी विंडोज सिक्युरिटीत जाऊन व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनपुढं हिरवी खूण आहे का ते डोळ्यानं बघा.

बालाघाट
म्हणजे फुकटच्या भरवशावर घर? मुदत संपली तर नूतनीकरण करा की.

दुधना
चांगलं विकतचं घ्यायला माझी ना नाही. पण मुदत संपलेलं ठेवून त्याच्या शेजारी दुसरं बसवलं तर मशीन रडतखडत चालतं आणि अलर्ट दुप्पट होतात. एका वेळी एकच ठेवा.

मांजराकाठ
क्रोमच्या यादीतल्या अनोळखी साईट ब्लॉक केल्या, जुनं अँटीव्हायरस काढलं. हिरवी खूण दिसतेय. आता डिफेंडरचे स्कॅन झाल्याचे अलर्ट येतात, तेही नकोत. सगळंच बंद होत नाही का?

दुधना
सगळं बंद करू नका, हात जोडून सांगतो. फाईल खरंच अडवली गेली आणि तुम्हाला कळलंच नाही, तर पोरीच्या नोट्स गेल्यावरच कळेल. विंडोज सिक्युरिटी उघडा, डाव्या बाजूला खाली सेटिंग्ज, मग मॅनेज नोटिफिकेशन्स. तिथं फक्त अलीकडची हालचाल आणि स्कॅनचे निकाल या पर्यायाची खूण काढा. धोका सापडला आणि फाईल अडवली हे दोन्ही चालू ठेवा. अगदी गंभीर सूचना तशाही येत राहतात.
पेपरपुरती शांतता हवी तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, फोकस असिस्ट. त्यात वेळ लावता येते. पेपरची वेळ टाका. त्या वेळात आलेलं सगळं ॲक्शन सेंटरमध्ये साठून राहतं, नंतर निवांत वाचा.

हिमरू
पेपर चालू असताना लाईट गेली तर? लातूरला काय भरवसा. यूपीएस आहे का?

मांजराकाठ
यूपीएस आहे. फोकस असिस्ट लावलं. पण आता काहीच दिसत नाही म्हटल्यावर खरा व्हायरस आला तर अलर्ट येईल का, हे कसं कळायचं?

दुधना
पेपर झाल्यावर फोकस असिस्टची वेळ संपू द्या, मग आयकार (EICAR) संस्थेच्या साईटवरून त्यांची चाचणी फाईल उतरवा. 68 अक्षरांचा मजकूर आहे, अपाय काही करत नाही, अँटीव्हायरस जागे आहेत का हे बघायलाच केलेली आहे. लगेच अडवली गेली आणि कोपऱ्यात सूचना आली तर सगळं ठीक. नाही आली तर मॅनेज नोटिफिकेशन्समधल्या खुणा परत बघा.

मांजराकाठ
पेपर पूर्ण झाला, मध्ये एकही चौकट आली नाही. आयकारची फाईल उतरू दिली नाही, अलर्टही आला. दुधना, लई उपकार झाले.

गोदाकाठ
एजमध्येही एकदा बघून घ्या. त्याची परवानग्यांची यादी वेगळी असते, क्रोममध्ये ब्लॉक केलेलं तिथं लागू होत नाही.