लॉबीच्या मार्बलवर आंबट पाणी कोणी फिरवलं?

सावंत (ए-१०२): नमस्कार मंडळी. लिफ्टसमोरच्या मार्बलवर पांढुरके पट्टे पडले आहेत. सकाळी दारातून तिरका उजेड येतो तेव्हा पोछा जसा फिरला तसे फराटे दिसतात. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. गेल्या वर्षी सगळ्यांनी पैसे काढून पॉलिश केलं होतं, हे विसरू नये. घरगुती प्रयोग ज्याने त्याने आपापल्या घरात करावेत ही नम्र विनंती. 🙏

कुलकर्णी काकू (बी-३०४): सावंत भाऊजी, रोख कोणाकडे आहे ते कळलं. लिंबू-व्हिनेगरची बाटली मी मावशींना दिली ती जिन्याखालच्या बेसिनच्या नळासाठी. टँकरच्या पाण्याने त्यावर क्षाराचा थर बसला होता. फरशीच्या बादलीत ओतायला मी सांगितलेलं नाही. कोणी सांगितलं ते विचारा.

सावंत: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. पॉलिशचा खर्च कोण देणार, एवढाच प्रश्न आहे.

रोहित (सी-५०१): लिंबू पडलंच आहे तर मीठ-साखर पण टाका, सरबत होईल

पाटील (सेक्रेटरी): रोहित, कृपया. पॉलिशवाल्याला बघायला बोलावलं आहे. मीटिंगमध्ये बोलू.

घोरपडे काका (ए-४०३): आलेला मेसेज पाठवतोय. खाण्याचा सोडा + व्हिनेगर = चमत्कार!! फेस आला की सगळी घाण वर येते. १००% नैसर्गिक. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

शेख मॅडम (बी-२०१): काका, राग मानू नका, पण हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की दोघं एकमेकांचा जोर घालवतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. मागे राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने ना तेलकटपणा धड जातो, ना क्षार. सोडा वेगळा वापरा, ओल्या फडक्यावर घेऊन ओटा आणि सिंक घासायला. व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्व वेगळं वापरा, नळावरच्या आणि बादलीच्या पांढऱ्या थराला.

आणि मार्बलचं म्हणाल तर तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट काहीही लागलं की विरघळतो. शहाबादी, कोटा, कडाप्पा हेही चुनखडीचेच दगड, तिथेही तेच. सावंत काका, ते डाग नाहीत, दगडाचा वरचा थरच खाल्ला गेलाय. पुसून जाणार नाही.

सावंत: म्हणजे पॉलिश करावंच लागणार. खर्च कोण देणार?

कुलकर्णी काकू: मॅडम, मान्य. पण मी हे सुरू का केलं तेही इथे लिहिते. मावशींचे हात बघितलेत का कोणी? बोटांच्या पेरांची सालं निघालीत. सोसायटीच्या पैशाने आणलेल्या ॲसिडने. तेव्हा ग्रुपवर एकाचाही मेसेज आला नाही. मार्बलवर पट्टा पडला तर सकाळपासून चर्चा.

जाधव ताई (सी-२०३): काकू बरोबर बोलताहेत. वॉचमनच्या केबिनमागच्या टॉयलेटचं विसरलात का? आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्यावरच ॲसिड. मावशी खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी. आणि ते ॲसिड अजून कोल्ड्रिंकच्या बाटलीत, केबिनच्या खिडकीत, उघड्यावर. आमचा मुलगा तिथेच सायकल लावतो.

शेख मॅडम: ताई, हे मार्बलपेक्षा शंभरपट महत्त्वाचं आहे. ब्लीचिंगवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली युद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि व्हिनेगर-लिंबू घरचं असलं तरी आंबटच. ब्लीचबरोबर यातलं काहीही नको.

घोरपडे काका: सोडा + व्हिनेगर = चमत्कार!! (ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी)

रोहित: काका, खाली पार्किंगमध्ये तुमची गाडी माझ्या स्कूटरला चिकटून आहे. तोही चमत्कारच.

घोरपडे काका: लहानांनी मोठ्यांशी कसं बोलावं हे घरी शिकवत नाहीत का हल्ली?

पाटील (सेक्रेटरी): पार्किंग वेगळा विषय. 🙏 ती बाटली आत्ताच काढायला लावली. यापुढे कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काहीही भरलेलं चालणार नाही. प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात नाव. लॉबीत फक्त साधं पाणी, फार तर थोडा सौम्य साबण.

देसाई आजी (ए-२०१): आमच्या वेळी भांड्यांना राख, पितळेला चिंच आणि कपड्यांना रिठे. कोणाचे हात सोलले नाहीत.

कुलकर्णी काकू: आजी, रिठे मी अजून वापरते. रविवार पेठेत काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात. बिया काढून रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून, कुस्करून गाळायचं. फेस भरपूर, तेलकट भांडीसुद्धा निघतात. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, आणि बाहेर ठेवलं तर आंबतं, म्हणून थोडंच करून फ्रिजमध्ये ठेवायचं.

नवीन भाडेकरू (सी-१०४): काकू, सालं आंबवून करतात ते सफाईचं बायो-एन्झाइम पण तुम्हीच करता ना? प्रमाण सांगाल?

कुलकर्णी काकू: १ भाग गूळ, ३ भाग सालं, १० भाग पाणी. १०० ग्रॅम गुळाला ३०० ग्रॅम संत्र्या-लिंबाची सालं आणि १ लिटर पाणी. बाटली काठोकाठ भरायची नाही. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, नाहीतर बाटली फुगून फुटते. तीन महिन्यांनी गाळायचं. सालं नाहीतरी कचऱ्यातच जातात, खर्च फक्त गुळाचा. बादलीला दोन-तीन चमचे पुरतात.

शेख मॅडम: तेही आंबटच असतं बरं का. टाइल्सला, बेसिनला छान. मार्बलला नको. आणि घरात जुलाब-उलट्यांचं दुखणं असेल तर टॉयलेटला त्याच्यावर विसंबू नका. तेव्हा ब्लीचच, पाण्यात कालवून, खिडकी उघडी ठेवून आणि एकटंच.

सावंत: माहितीबद्दल धन्यवाद. पण खर्च कोण देणार याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कुलकर्णी काकू: खर्च मीटिंगमध्ये ठरेल भाऊजी. आणि त्याच मीटिंगमध्ये मावशींसाठी रबरी हातमोज्यांचा विषयही घ्यायचा. मी लेखी देते आहे.

जाधव ताई: माझं अनुमोदन.

देसाई आजी: माझंही.

पाटील (सेक्रेटरी): नोंद केली. हातमोजे उद्याच आणतो, मीटिंगची वाट बघत नाही.

सावंत: हातमोज्यांना माझी हरकत नव्हतीच.

नवीन भाडेकरू: काकू, मोसंबीची सालं चालतील का? घरात भरपूर आहेत.

कुलकर्णी काकू: चालतील. किडकी, बुरशी आलेली काढून टाक. आणि बाटली प्लास्टिकची घे, काचेची नको. संध्याकाळी ये, गूळ मोजून देते.